खिडकीवरच्या बोर्डाचं काय करायचं

मे २०२१

या आठवड्याचं पत्र विक्रोळीहून आलंय, थोडं लहान करून देते.

"ताई, मी २६ वर्षांची आहे, लालबागला एका डेंटल क्लिनिकमध्ये चार वर्षं असिस्टंट आहे. घरी आई आणि मी, आईला शुगर आहे. क्लिनिक छोटं, आतली खोली दहा बाय दहाची, एकच चेअर, एसी दिवसभर चालू. खिडकी आहे पण तिच्यावर बाहेरून क्लिनिकचा बोर्ड ठोकलाय. पेशंट एकामागोमाग एक, मध्ये मी फक्त हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) मारून चेअर पुसते. सरांना रोज नवीन एन-९५, मला एक आठवडाभर. विचारलं तर म्हणाले, दोन्ही डोस झालेत ना तुझे, एवढं काय घाबरतेस. पण रोज रात्री घसा खवखवतो आणि झोप लागत नाही. आई म्हणते सोड ती नोकरी. सोडू का?"

अगं, आधी हे सांगते की तू घाबरट नाहीयेस. तुला जे दिसतंय ते बरोबर दिसतंय आणि सरांच्या शेजारी उभी राहून तू तीच हवा घेतेस, मग तुझा मास्क आठवड्याला एक आणि त्यांचा रोज नवा, याला काही कारणच नाही. मी स्वतः गिरगावात बावीस वर्षं दातांची प्रॅक्टिस करतेय, तेव्हा डॉक्टरच्या बाजूचं गणितही मला माहितीये, भाडं, चेअरचा हप्ता, गेल्या वर्षी मार्चपासून बंद पडलेलं उत्पन्न, सगळं. तरीही ही गोष्ट चूकच आहे.

पहिल्यांदा घशाचं बोलू कारण तुझी झोप त्यानेच उडालीय. मला एक सांग, रविवारी पण खवखवतो का? सुट्टीच्या दिवशी बरं वाटत असेल तर मला कोरोनापेक्षा त्या हायपोचा संशय जास्त येतो. बंद खोली, एसी चालू, आणि तू दिवसातून दहा-पंधरा वेळा स्प्रे मारतेस, म्हणजे त्याचा तुषार थेट तुझ्या घशात जातो. हायपो फवारायचं नसतंच, कपडा भिजवून पुसायचं असतं. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते बघ, ५ टक्के असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्का झालं, रोज सकाळी ताजं करायचं, पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. धातूच्या भागांना हायपो लावू नकोस, गंज चढतो, तिथे ७० टक्के अल्कोहोल. आणि बाथरूम धुवायच्या ॲसिडच्या जवळपाससुद्धा हायपो नेऊ नकोस, दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, छोट्या मोरीत जीवावर बेतू शकतं. दोन-तीन दिवस स्प्रे बंद करून बघ. पण ताप, अंगदुखी, वास न येणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता टेस्ट करून घे, डोस झालेत म्हणून टाळू नकोस. लस माणसाला सहसा गंभीर होऊ देत नाही हे तिचं मोठं काम, पण लस घेतलेल्यालाही लागण होऊ शकते आणि तुझ्याकडून आईपर्यंत जाऊ शकते, म्हणून सरांचं "डोस झालेत ना" हे उत्तर अर्धंच आहे.

आता खिडकी. तुझ्या पूर्ण पत्रात मला सगळ्यात जास्त त्या बोर्डाचा त्रास झाला.

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतो, तो तापू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू असतो, स्केलिंगच्या मशीनचंही तसंच. त्या पाण्यात लाळ आणि रक्त मिसळून जो धुरळा उडतो त्यातले मोठे थेंब तुझ्या शील्डवर, पेशंटच्या छातीवर, ट्रेवर पडतात, ते तू पुसतेस. पण बारीक कण पडतच नाहीत, ते हवेत तरंगत राहतात, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच हवा थंड करून परत फिरवतो. म्हणजे दहाच्या पेशंटचं जे काही उडालं ते साडेअकराच्या पेशंटला, आणि तुला दिवसभर. गेलं वर्षभर सगळे हात धुवा, पृष्ठभाग पुसा यावरच भर देत होते, मीही देत होते, पण आता ७ मेला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही स्पष्ट लिहिलंय की श्वासावाटे जाणारे बारीक कण हा लागण होण्याच्या मुख्य मार्गांपैकी एक आहे, आणि आपल्या केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने याच महिन्यात पत्रक काढलंय की दारं-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. ते पत्रक मोबाइलवर मिळेल, सेव्ह करून ठेव, सरांशी बोलताना लागेल.

मुंबईला हे नवीन नाही गं. १८९६ला प्लेग आला, मांडवीपासून सुरू झाला, त्यानंतर १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि त्यांनी दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा आतपर्यंत यावी म्हणून. प्लेगच्या बाबतीत खरा गुन्हेगार उंदरांवरच्या पिसवा होत्या, पण कोरोनाच्या बाबतीत हवाच आहे. माझं क्लिनिक प्रिन्सेस स्ट्रीटपासून चालत दहा मिनिटांवर, मी रोज तिथून जाते, आणि तुझं पत्र वाचल्यापासून मला तो रस्ता दिसला की तुमचा बोर्ड आठवतो.

तर असं कर. क्लिनिक उघडल्यावर, पेशंट यायच्या आधी, एक अगरबत्ती लाव आणि चेअरच्या डोक्याशी धर. धूर कुठे जातो ते बघ. जागीच घोटाळत राहिला तर हवा हलतच नाहीये. दाराकडे गेला तर अजून वाईट, म्हणजे आतलं सगळं बाहेर बाकावर बसलेल्या लोकांकडे जातंय. धूर खिडकीकडे जाऊन बाहेर पडायला पाहिजे. त्यासाठी बोर्ड एक फूट वर सरकवायचा आणि खिडकीच्या एका कप्प्यात एक्झॉस्ट फॅन बसवायचा, बाहेर फेकणारा, आणि तो पॅसेजमध्ये किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीत उघडणार नाही हे बघायचं. दाराला खाली फट हवी, नाहीतर बाहेर जायला हवा येणार कुठून.

आकडेही देते, सरांना आकड्यांची भाषा कळेल. दहा बाय दहा, नऊ फूट उंची म्हणजे ९०० घनफूट, साधारण साडेपंचवीस घनमीटर. फॅनच्या डब्यावर ताशी किती घनमीटर ते लिहिलेलं असतं. खरोखर ३०० घनमीटर हवा बाहेर गेली तर खोलीतली हवा तासाला जवळजवळ १२ वेळा बदलली. सीडीसीच्या तक्त्यात दिलंय की तासाला १२ वेळा हवा बदलली तर हवेतले ९९ टक्के कण २३ मिनिटांत जातात, ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटं लागतात. डब्यावरचा आकडा प्रत्यक्षात कमीच भरतो म्हणून थोडा मोठाच फॅन घ्यायचा. आणि बोर्ड ठोकलेल्या खोलीत? तिथे मध्ये पाच मिनिटं थांबून काहीच होत नाही. आणि सर म्हणत असतील की एवढा वेळ कोण थांबणार, तर तो वेळ कमी करायचा उपाय फॅनच आहे. पावसाळा तोंडावर आलाय, परवा तौक्ते वादळात सगळ्यांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या, माझ्याकडेही पाणी आत आलं, पण फॅनवर पत्र्याची छपरी लावली की पावसातही चालतो.

इथे मी माझी एक चूक सांगते कारण तुमच्याकडेही कोणीतरी येऊन तेच विकेल. गेल्या वर्षी जूनमध्ये क्लिनिक परत उघडताना मी घाबरून एक मोठं फॉगिंग मशीन घेतलं, विकणाऱ्याने सांगितलं दहा मिनिटांत खोली निर्जंतुक. त्याचा खर्च बघितला तर त्यात चार-पाच एक्झॉस्ट आणि वर्षभराचे सगळ्यांचे मास्क आले असते. पुढचा पेशंट तोंड उघडून खोकला की खोली परत होती तशीच, आणि डब्ल्यूएचओने तर बंद जागेत असं फवारणं नेहमीसाठी करू नका असं त्याआधी मे महिन्यातच सांगितलं होतं, मी वाचलं नव्हतं. ते पैसे गेले ते गेलेच, पण त्या काळात माझ्या स्टाफला मी मास्क मोजून देत होते हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

मास्कचं आता. रोज नवा मिळत नसेल तर निदान पाच माग. मागच्या बाजूला १ ते ५ नंबर टाक, रोज एक वापर, संध्याकाळी कागदी पिशवीत टाकून ठेव, प्लास्टिकमध्ये नाही कारण दमट राहतो, आणि त्याचा नंबर परत येईपर्यंत हात लावू नकोस. धुवायचा नाही, त्याच्यावर सॅनिटायझर मारायचा नाही, त्यातल्या जाळीवर जो विद्युतभार असतो ना ज्याने बारीक कण अडकतात तो अल्कोहोलने जातो आणि मग तो नुसता कपडा उरतो. एक मास्क पाचेक वेळा घालून झाला, किंवा ओला झाला, पट्टा सैल झाला, रक्त उडालं, की फेकायचा. झडपवाला नको. डोक्यामागे दोन पट्टे जाणारा घे, कानात अडकवायचे बहुतेक गालापाशी उघडे राहतात. घातल्यावर दोन्ही हात त्याच्यावर ठेवून जोरात श्वास सोडून बघ, डोळ्यांकडे हवा आली तर बसला नाहीये. बसलेला मास्क हेच तुझं खरं कवच, पीपीईचा पांढरा सूट दिसायला मोठा पण घामाने माणूस सारखा चेहरा पुसतो, मला विचारशील तर पूर्ण बाह्यांचा धुता येणारा गाऊन, शील्ड आणि चांगला मास्क एवढं पुरे. काढताना जास्त जपायचं, आधी ग्लोव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत, मग शील्ड मागून धरून, हात धुवायचे, आणि मास्क सगळ्यात शेवटी, त्या खोलीच्या बाहेर येऊन, मग परत हात.

यात सरांकडे काही न मागता जे तुझ्या हातात आहे ते सक्शन. लाळ ओढायची ती बारीक नळी वेगळी, मोठं सक्शन असेल तर ते वापर आणि त्याचं तोंड एअरोटरच्या अगदी जवळ धर, एक-दीड सेंटीमीटरवर, पेशंटच्या गालाआड नाही. नीट धरलेलं मोठं सक्शन उडणारा बहुतेक सगळा फवारा उगमापाशीच ओढून घेतं, कुठलंही महागडं मशीन हे करत नाही, चांगली असिस्टंट करते. रूट कॅनालला रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबराचा पातळ पडदा, लावायचा हट्ट धर, लावायला तीन मिनिटं जातात म्हणून बरेच जण टाळतात, पण दात सोडून बाकी तोंड झाकलं गेलं की उडणाऱ्यात लाळ फार कमी येते. चेअरवर बसल्यावर पेशंटला आधी गुळणी दे, १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साईड किंवा ०.२ टक्के पोव्हिडोन आयोडीन, अर्धा ते एक मिनिट, आणि थुंकायला कागदी ग्लास दे, थुंकदाणी नको. थायरॉईडवाले, आयोडीनची ॲलर्जीवाले आणि गरोदर बाई असेल तर आयोडीन नाही. दोन पेशंटच्या मध्ये एअरोटरचं पाणी वीस-तीस सेकंद सोडून द्यायचं, सकाळी पहिल्यांदा दोन मिनिटं, आणि तेव्हा पण सक्शन समोर धर.

फोन तूच घेत असशील. मग अपॉइंटमेंटची वही म्हणजे अर्धं काम. ताप, घरात कोणी पॉझिटिव्ह, हे विचारतच असशील, ताप मोजायची ती पिस्तूल मात्र फार मनावर घेऊ नकोस, लक्षणं नसलेला माणूस तिच्यासमोर आरामात पास होतो. खरी युक्ती अशी की एअरोटरची कामं लागोपाठ लावायची नाहीत. एक फिलिंग, मग टाके काढणं किंवा तपासणी आणि औषध, ज्यात फवारा नाही. सगळ्यात मोठं काम जेवणाच्या आधी आणि दुसरं दिवसाच्या शेवटी ठेव, म्हणजे हवा बदलायला जो वेळ द्यायचा तो आपोआप मिळतो आणि सरांचा एकही पेशंट कमी होत नाही. क्लिनिक परत उघडल्यावर मी हे तिसऱ्या आठवड्यातच शिकले आणि अजून तसंच चालू आहे.

आणि फोनवर अजून एक, हे नीट लक्षात ठेव. नुकताच कोरोना होऊन गेलेला, त्यात शुगर असलेला कोणी म्हणाला की वरचे दात अचानक हलायला लागलेत, गाल बधिर वाटतोय, डोळ्याखाली सूज, नाकातून काळपट येतंय, तर त्याला अपॉइंटमेंट देऊ नकोस, सरांना लगेच सांग आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या नाक-कान-घसा विभागात पाठव. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, २०२१च्या या मे महिन्यात आपल्या राज्यात खूप दिसतोय, त्यात तास मोजावे लागतात आणि पहिला फोन बऱ्याचदा दातांच्या डॉक्टरलाच येतो. आईची शुगर तपासत जा, तिला काही झालेलं नसलं तरी.

आता जेवण. आमच्याकडच्या मावशींना गेल्या सप्टेंबरमध्ये कोरोना झाला, मग रिसेप्शनवरच्या मुलीला, मग मला. आम्ही चेअरपाशी एवढं सगळं पाळत होतो आणि दुपारी तिघी मिळून मागच्या चार बाय पाचच्या पँट्रीत, दार लावून, मास्क काढून डबा खात होतो, गप्पा मारत. मावशी अठरा दिवस घरी होत्या, त्यांच्या नातवाला सांभाळायला कोणी नव्हतं. आम्हाला लागण तिथेच झाली असं मला पक्कं वाटतं. तेव्हापासून एकेकटीने जेवायचं, तेही गॅलरीत. गेल्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत दोन हजारांवर डेंटिस्टना विचारून पाहणी केली होती, त्यात लागण झालेले एक टक्क्याहून कमी निघाले, म्हणजे नीट मास्क, सक्शन वापरून हे काम सुरक्षितपणे करता येतं. पण ती पाहणी डॉक्टरांची होती, असिस्टंटची नाही, आणि डब्याच्या वेळेची तर नाहीच. तुम्ही कुठे जेवता हे तू लिहिलं नाहीस, मला त्याची काळजी वाटली.

तू पत्रात जे विचारलं नाहीस पण मला विचारावंसं वाटतंय ते हेपॅटायटिस बी. तुला त्याची लस दिलीय का? कोरोनाच्या आधीपासून, चार वर्षं तू सुया, स्केलर, रक्ताळलेले ट्रे हाताळतेयस. बाधित माणसाची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात तीन, हेपॅटायटिस बीचा, लस नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो, आणि तो विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. तीन डोस, आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी, मग एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का बघायची. हा खर्च सरांनी करायचा असतो, तू मागायला लाजू नकोस. सुईचं झाकण दोन हातांनी लावायचं नाही, झाकण ट्रेवर ठेवून एका हाताने सुईने उचलायचं, आणि सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धू, पिळू नकोस, लगेच सांग आणि केईएम हॉस्पिटल गाठ, तुझ्या क्लिनिकपासून जवळच आहे, एचआयव्हीसाठीची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

ऑटोक्लेव्हबद्दल, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राबद्दल, लिहिलंस की रोज चालतो, चांगलं आहे. फक्त पाऊचवरची पट्टी काळी झाली म्हणजे सगळं निर्जंतुक झालं असं नाही, ती फक्त सांगते की पाऊच तापलं. १२१ डिग्रीला पूर्ण वेळ दिला का ते खरं, आणि खात्री करायला जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी असते, ती तुमच्याकडे होते का विचार.

सरांशी कसं बोलायचं? शेवटचा पेशंट गेल्यावर, हिशोब झाल्यावर, बसून. "मला भीती वाटते" असं सुरू करू नकोस, ते परत डोसवर जातील. असं म्हण, "सर, मी अगरबत्ती लावून बघितलं, धूर वेटिंगमध्ये जातो. बोर्ड थोडा वर घेऊन एक्झॉस्ट बसवू या का? आणि मला पाच मास्क लागतील, मी नंबर टाकून वापरीन. अपॉइंटमेंट मी अशा लावल्या तर पेशंट कमी होणार नाहीत." वही उघडून दाखव. एवढंच, एका वेळी. हेपॅटायटिसचं पुढच्या आठवड्यात. धूर वेटिंगमध्ये जातो हे ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर गप्प होतात कारण तिथे त्यांचे पेशंट बसलेले असतात.

नोकरी सोडू का, तर आज नको. चार वर्षांचा हात आहे तुझा, आणि या दिवसांत घरात दोघीच असताना पगार थांबला तर आईच्या औषधांचं काय. एक महिना दे. त्या महिन्यात घरी गेल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे, आईजवळ बसताना खिडकी उघडी, आणि तिच्या दुसऱ्या डोसची तारीख चुकवू नका. महिन्याने फॅन लागला नसेल, मास्क मिळत नसतील आणि परत "घाबरतेस काय" हेच उत्तर असेल तर मात्र सोड, वाईट वाटून घेऊ नकोस, सुईला न घाबरता सक्शन धरणारी मुलगी मुंबईत कुठल्याही क्लिनिकला हवी असते. नवीन ठिकाणी भेटायला जाशील तेव्हा पगाराआधी आतली खोली बघायला माग, खिडकी उघडते का बघ, आणि स्टाफ डबा कुठे बसून खातो ते विचार.